पोपट ‘नको’ म्हणतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की पाळीव पोपटांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रं, मेसेज भरपूर आले. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ज्यांचा पोपट चावतो त्यांचाच ओरडतोही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : कॉकाटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आणून तीन आठवडे झाले. पिंजऱ्यात हात घातला की कोपऱ्यात जाऊन फडफडतो, फुसफुस करतो. घरातले म्हणतात रोज पकडून हातावर बसवा, आपोआप सवय होईल. मला ते बघवत नाही. काय करू?

ताई, तुम्हाला बघवत नाही ते बरोबरच आहे, पकडून बसवू नका. असं रोज केलं की काही दिवसांनी पक्षी खरंच हातावर गप्प बसतो आणि सगळ्यांना वाटतं माणसाळला, पण त्याची भीती गेलेली नसते, सुटका नाही हे कळल्यामुळे त्याने धडपड सोडलेली असते. अशा पक्ष्याला पुढे जरा संधी मिळाली की तो तुमच्यापासून लांब पळतो नाहीतर चावतो.

त्याच्या बाजूने बघा ना. पोपट निसर्गात शिकार होणारा पक्षी आहे, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, चारी दिशांनी धोका बघत राहायचं हेच त्याचं जगणं. आणि वरून झपकन खाली येणारी मोठी वस्तू म्हणजे त्याच्यासाठी ससाणा. आपला हात नेमका तसाच येतो, वरून, आणि तोही त्याच्या एकुलत्या एक सुरक्षित जागेत.

म्हणून सुरुवातीला हात नकोच. पिंजऱ्यापासून थोडं लांब, तिरकं बसा, समोरून टक लावून बघू नका, काहीतरी वाचा, हळू आवाजात बोला. तुम्ही तिथे असताना तो खायला लागला, पिसं साफ करायला लागला, एक पाय वर घेऊन बसला, तर समजा की तुमचं तिथे असणं त्याला चालतंय. मग उद्या एक पाऊल जवळ. ज्या अंतरावर तो खाणं थांबवून अंग आवळून, पिसं चापून, मान ताणून बसेल तिथून एक पाऊल मागे यायचं, बस, एवढं एक जरी पाळलं तरी अर्धं काम झालं.

मग त्याचा सगळ्यात आवडता खाऊ कुठला ते शोधा. चार-पाच प्रकार एकत्र ठेवा आणि आधी कशावर झडप घालतो ते बघा. बहुतेकांचं उत्तर सूर्यफुलाचं बी किंवा राळ्याचं कणीस असतं. तो पदार्थ रोजच्या वाटीतून काढून टाका आणि फक्त तुमच्याकडूनच मिळू दे. आधी जाता-येता वाटीत टाकायचा आणि निघून जायचं, मग जाळीतून द्यायचा, मग दार उघडं ठेवून दारापाशी, मग तळहातावर. हात स्थिर ठेवायचा आणि चालत त्यानेच यायचं. हातावर चढवायला त्याच्या पोटाला बोट दाबा असं जुन्या लोकांकडून ऐकलं असेल, ते करू नका, बोट पायासमोर जरा आधी थांबवा आणि पुढचं पाऊल त्याला टाकू दे. नाही टाकलं तर हात मागे घ्या, रागवायचं नाही की आर्जवंही करायची नाहीत. ‘मी नको म्हटलं की हा हात खरंच मागे जातो’ हे ज्या दिवशी त्याला कळतं ना, त्या दिवसापासून तो हाताला कमी घाबरतो. उलटं वाटेल पण असंच होतं.

किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही. काही पक्षी आठवड्यात येतात, काहींना कित्येक महिने लागतात, खासकरून ज्यांना आधी कुणी पकडून पकडून त्रास दिलाय त्यांना.

प्रश्न : कोन्युअर (पोपटाचीच एक जात) आहे, काही कारण नसताना अचानक चावतो, रक्त काढतो. चोचीवर टिचकी मारून बघितली, ओरडून बघितलं, पिंजऱ्यात बंद केलं. एकाने सांगितलं की तो स्वतःला बॉस समजतो, त्याला खांद्यावर बसवू नका. खरंय का?

बॉसवाली गोष्ट सोडून द्या. उंच बसला की पोपटाला आपण राजा झालो असं वाटतं हा समज फार पसरलाय पण त्यात तथ्य नाही, उंचावर बसला की त्याला सुरक्षित वाटतं एवढंच. चावरा पक्षी खांद्यावर नको हे मात्र मीही म्हणेन, पण कारण वेगळं, तिथे तुम्हाला त्याचं अंग दिसत नाही आणि तुमचे डोळे, कान, ओठ त्याच्या चोचीच्या टप्प्यात असतात.

आणि दादा, ‘अचानक’ नसतं हो ते. पोपट आधी बरंच काही सांगून बघतो. डोळ्यातली बाहुली झपझप लहान-मोठी होते, शेपटीची पिसं पंख्यासारखी पसरतात, मानेवरची पिसं उभी राहतात, काही जण एकदम ताठ आणि बारीक होतात, काही पुढे झुकून चोच उघडतात, काही नुसती मान फिरवून एक पाऊल बाजूला होतात. हे सगळं ‘नको’च आहे. आपण त्याकडे लक्ष न देता हात पुढे नेतो, तो चावतो, हात झटकन मागे जातो, आणि त्याला समजतं की बाकीचे इशारे फुकट आहेत, चावलं की माणसाला कळतं. पुढच्या वेळी तो सरळ चावण्यावरच येतो आणि आपण म्हणतो अचानक चावला.

एक गडबड इथे होते ती सांगून ठेवते. बाहुली लहान-मोठी होणं हे रागातही होतं आणि आनंदातही, आवडीचं गाणं लागलं तरी होतं. त्यामुळे एकट्या डोळ्यावरून ठरवू नका, सगळं अंग बघा आणि शंका असेल तर हात लावू नका.

आता उपाय. आठवडाभर वहीत लिहून ठेवा की चावण्याच्या आधी नेमकं काय चाललं होतं. पिंजऱ्यात परत ठेवताना? आवडत्या खेळण्यापासून उचलताना? रात्री झोपेच्या वेळी? घरात कुणीतरी नवीन आलं तेव्हा? तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेकदा कारण उघडं पडतं. पिंजऱ्यात परत जाताना चावत असेल तर आत गेल्यावर मस्त खाऊ मिळायला हवा आणि अधूनमधून आत नेऊन लगेच परत बाहेरही आणायला हवं, म्हणजे ‘आत जाणं म्हणजे मजा संपली’ असं समीकरण बसत नाही. झोपेच्या वेळी चिडत असेल तर झोप मोजा, पोपटांना अंधारात, शांततेत दहा ते बारा तास झोप लागते, आणि टीव्हीच्या खोलीतल्या पिंजऱ्यात ती मिळत नाही.

काडीचं ट्रेनिंग सुरू करा, हे मी प्रत्येकाला सांगते. एक साधी काडी, तिच्या टोकाला त्याने चोच लावली की लगेच खाऊ. दोन-तीन मिनिटांचा खेळ, दिवसातून एक-दोनदा. मग काडी जिथे जाईल तिथे तो येतो आणि त्याला हात न लावता इकडून तिकडे नेता येतं.

चोचीवर टिचकी कायमची बंद. चोच हा त्याचा तिसरा हात आहे, तो तिने चढतो, चाचपडतो, बोटावर पाय टाकायच्या आधी ती टेकवून बघतो की ही फांदी पक्की आहे का, आणि नेमका त्या क्षणी आपण घाबरून हात मागे घेतला तर त्याचा विश्वास बोटावरूनच उडतो. चावलाच तर ओरडू नका, झटकू नका, हात हळूच खाली घेऊन त्याला जवळच्या दांडीवर उतरवा.

प्रश्न : आमचा आफ्रिकन ग्रे (राखाडी आफ्रिकन पोपट) फक्त माझ्या मिस्टरांचा आहे. त्यांच्या अंगावर तासन्‌तास, ते पाठ थोपटतात, पंखाखाली खाजवतात, तो त्यांना खाल्लेलं वर काढून भरवायला बघतो. मी जवळ गेले की धावून येतो. आधी मला खूप जीव लावायचा. मी काय चुकले?

ताई, तुम्ही काही चुकला नाहीत, आणि खरं सांगायचं तर यावर काम तुमच्या मिस्टरांना करायचंय.

पाठ, पंखाखालचा भाग, शेपटीचं मूळ, इथे पोपटाला फक्त त्याचा जोडीदार हात लावतो, म्हणजे चोच लावतो. आपण प्रेमाने कुरवाळतो आणि त्याचं शरीर समजतं की विणीचा हंगाम आला. खाल्लेलं वर काढून भरवणं हा जोडीदाराचाच व्यवहार आहे. आणि मग जोडीदाराच्या जवळ येणारी दुसरी व्यक्ती म्हणजे प्रतिस्पर्धी, म्हणून तो तुमच्यावर धावतो. यात मादी असेल तर आणखी धोका, पिल्लांचा प्रश्न नसतानाही अंडी घालत सुटते, कॅल्शियम कमी पडतं, अंडं अडकून जीवही जाऊ शकतो.

तर हात फक्त डोकं आणि मान एवढ्यावरच. तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही म्हणून थव्यातले इतर पक्षी तिथली पिसं साफ करून देतात, ती दोस्तीची जागा आहे. तो डोकं खाली घालून पिसं फुलवतो तेव्हा खाजवा म्हणून सांगत असतो. तीन-चार सेकंद खाजवा, हात थांबवा, आणि बघा, पुन्हा डोकं पुढे केलं तरच पुढे चालू. नवीन पिसांचे कोंब आलेले असतील तर तिथे जपून, त्यात रक्त असतं आणि दुखतं. भरवायला लागला की मिस्टरांनी त्याला शांतपणे दांडीवर ठेवून काहीतरी कुरतडायला द्यायचं. पांघरुणाच्या आत, कपाटात, सोफ्याखाली, खोक्यात जाऊ देऊ नका, अंधारी बंद जागा म्हणजे घरटंच, आणि तीच हंगामाची घंटा वाजवते.

तुमच्यासाठी वेगळं सांगते. त्याचा सगळ्यात आवडता खाऊ आता मिस्टर देणार नाहीत, फक्त तुम्ही द्यायचा. मिस्टर खोलीत नसताना, लांबून, हात लावायची अपेक्षा न ठेवता. काडीचा खेळही तुम्हीच घ्या. तो पूर्वीसारखा अंगाखांद्यावर येईलच असं वचन मी देत नाही, मोठे झाल्यावर पोपटांची आवड बदलते, पण एकाच खोलीत तिघं निवांत बसू शकाल इथपर्यंत नक्की येता येतं.

प्रश्न : मी खोलीतून बाहेर गेले की किंचाळतो. शेजारी तक्रार करतात. पिंजऱ्यावर कापड टाकते, ओरडते, तेव्हा थोडा वेळ थांबतो.

तुम्ही ओरडता तेव्हा त्याला उत्तर मिळतं, हो ना? त्याला तेच हवं असतं. थव्यातले पोपट नजरेआड झाले की एकमेकांना हाक मारत राहतात, ‘आहेस ना?’ ‘आहे, आहे’, आणि उत्तर नाही आलं तर हाक मोठी होते. ही हाक त्यांच्यासाठी किती खास असते बघा, व्हेनेझुएलात जंगली पॅरटलेटच्या, म्हणजे एकदम छोट्या पोपटांच्या, घरट्यांवर संशोधकांनी काम केलं आणि २०११ मध्ये ते छापून आलं, त्यात दिसलं की पिल्लं आपली ओळखीची हाक आईबापांकडून शिकतात, आणि अंडी दुसऱ्या घरट्यात बदलून ठेवली तरी पालनपोषण करणाऱ्यांचीच हाक उचलतात. म्हणजे प्रत्येकाला घरच्यांनी दिलेलं एक नावच म्हणा.

तर हाक बंद पाडायची नाही, तिचा आवाज बदलायचा. एक सोपी शीळ किंवा शब्द ठरवा. खोलीबाहेर जाताना तीच शीळ घाला, आतून त्याने शीळ, बोल, कुठलाही सुसह्य आवाज काढला की लगेच उत्तर द्या, किंचाळीला मात्र उत्तर नाही. सुरुवातीला किंचाळणं वाढेल, तेव्हा घरातल्या एकानेही कच खाऊ नये, नाहीतर तो शिकतो की अजून जोरात ओरडलं की जमतं. सकाळ-संध्याकाळ थोडा गोंगाट मात्र होणारच, तो पोपट आहे, तेवढं शेजाऱ्यांना प्रेमाने सांगून ठेवा. दिवसा कापड टाकून अंधार करणं बंद करा.

दुसरं, वाटीत दाणे भरून दिले की त्याचं जेवण दहा मिनिटांत संपतं, जंगलात त्याचा दिवसातला मोठा वेळ खाणं शोधण्यात जातो. उरलेल्या वेळात तो करणार काय? कागदाच्या पुडीत, पुठ्ठ्याच्या नळीत, पानांच्या जुडीत खाणं लपवून द्या. आधी त्याच्या डोळ्यांसमोर सोप्या गाठी बांधा, मग अवघड करा. तुम्ही बाहेर जायच्या वेळी हे दिलं तर तुमचं जाणंही त्याला तेवढं टोचत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझा बजी (बजरिगर, छोटा पोपट) बोलायला कसा लागेल? रोज शंभर वेळा तोच शब्द म्हणते.

अगं, मशीनसारखं शंभर वेळा नको, त्याला काही अर्थ लागत नाही. जे घडतंय त्याच्यासोबत तो शब्द बोल. पाणी बदलताना ‘पाणी’, त्याच्याजवळ आलीस की रोज एकच हाक, आणि आनंदाने बोल, पोपट उत्साहातले शब्द लवकर उचलतात. तुला अ‍ॅलेक्सची गोष्ट सांगते. १९७७ मध्ये आयरीन पेपरबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी एका दुकानातून एक आफ्रिकन ग्रे घेतला, तोच अ‍ॅलेक्स. त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांना वस्तू दाखवून विचारायची, ‘हे काय?’, आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला ती वस्तूच मिळायची. ते बघून बघून तो शिकला, रंग, आकार, सहापर्यंत आकडे. २००७ मध्ये तो गेला तेव्हा शंभराच्या वर शब्द त्याला येत होते. घरात कुणाला तरी सोबत घेऊन तूही असा खेळ खेळून बघ.

आणि अ‍ॅलेक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अभ्यासाचा कंटाळा आला की तो सांगायचा, मला परत जायचंय, आणि मग त्याला परत ठेवायचे. तुझा बजीही तोंड फिरवून पिसं साफ करायला लागला की समज, आजची शाळा सुटली. बजीत नर जास्त बोलतात, माद्या कमी, आणि काही जण कधीच बोलत नाहीत पण तुझ्या शिट्टीत शिट्टी मिसळतात, तेही बोलणंच आहे गं.

प्रश्न : एकटा वाटतो म्हणून दुसरा आणावा का?

फक्त त्याच्या सोबतीसाठी म्हणून आणू नका, तुम्हाला खरंच दोन सांभाळायचे असतील तर आणा. दोघांचं पटेलच असं नाही, मग दोन पिंजरे, दोन वेळापत्रकं. आणलाच तर आधी व्हेटकडून, म्हणजे पशुवैद्याकडून, तपासणी आणि किमान महिनाभर वेगळ्या खोलीत. मधला एक मजेशीर मार्ग सांगते, २०२३ मध्ये संशोधकांनी १८ पाळीव पोपटांना घंटी वाजवून दुसऱ्या पोपटाला व्हिडिओ कॉल मागायला शिकवलं, आणि बऱ्याच जणांना तो प्रकार फार आवडला. पण मालक शेजारी बसलेला असायचा आणि पक्षी वैतागला, घाबरला की कॉल बंद. नुसता स्क्रीन लावून निघून जाणं म्हणजे सोबत नव्हे. आणि बजीच्या पिंजऱ्यातला आरसा काढून टाका, काही बजी त्या प्रतिमेलाच जोडीदार समजून दिवसभर भरवत बसतात.

प्रश्न : छातीची पिसं उपटतोय. लोक म्हणतात लक्ष वेधून घ्यायला करतो.

आधी पक्ष्यांचं समजणाऱ्या व्हेटकडे, बाकी सगळं नंतर. त्वचेचा संसर्ग, यकृताचा त्रास, नुसते दाणे खाऊन झालेली अ जीवनसत्त्वाची कमतरता, कारणं बरीच असतात आणि ती घरबसल्या कळत नाहीत. तब्येत ठीक निघाली तर मग कंटाळा, अपुरी झोप, कोरडी हवा, अंघोळ न मिळणं, घरातला बदल हे एकेक तपासा. उपटताना बघून ‘अरे नको, नको’ करत धावू नका, आणि रागवू तर मुळीच नका. जुनी सवय असेल तर काही ठिकाणची पिसं परत येतही नाहीत. तसाही तो तितकाच प्रेमाचा आहे.

प्रश्न : पंख कापले की लवकर माणसाळतो म्हणे?

उडून जाता येत नाही म्हणून तो जवळ थांबतो, त्याला माणसाळणं म्हणत नाहीत. उडणं हाच त्याचा व्यायाम आणि ‘नको’ म्हणायचा सगळ्यात सभ्य मार्ग, तो काढून घेतला की चोच तेवढी उरते. त्यापेक्षा घर सुरक्षित करा, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, उघडी पाण्याची भांडी झाकलेली, आणि स्वयंपाकघरात पक्षी नकोच. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या लेपातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही. सुरक्षिततेचाच विषय निघालाय तर हेही, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू यातलं काहीही चोचीला लागू देऊ नका, आणि तोंडातला घास भरवणं, ओठांची पापी घेणंही नको, आपल्या तोंडातले जंतू त्याला आणि त्याच्याकडचे काही आजार आपल्याला होऊ शकतात.

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो. वेळ भरपूर आहे, आफ्रिकन ग्रेचं पिल्लू घ्यावं म्हणतो. मुलं नको म्हणतात.

काका, तुमच्याकडे वेळ आहे ही पोपटाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, पण मुलांचं म्हणणंही ऐका. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा तर २०१६ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी गेला. म्हणजे आज आणलेलं पिल्लू पुढे कुणाकडे जाणार हे आजच ठरवावं लागेल, आणि ज्याच्याकडे जाणार त्याने आतापासून त्याला ओळखायला हवं.

शिवाय तो कुठून आलाय हे कागद बघून विचारा. जंगलातून पकडून पकडून हे पक्षी इतके कमी झाले की २०१६ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत टाकलं. कागद नाहीत तर विषय तिथेच संपवा.

माझं मत विचाराल तर पिल्लू घेऊच नका. घर सुटलेले मोठे पोपट बरेच असतात, मालक गेला, घर बदललं, आवाज झेपला नाही. पिल्लू असताना पाळलं तरच जीव लावतो असं काही नाही, दहा-पंधरा वर्षांचा पोपटसुद्धा नवीन माणसाशी दोस्ती करतो, फक्त ती त्याच्या गतीने होते आणि त्यासाठी लागतो तो वेळ तुमच्याकडे आहे. आणायच्या आधी महिनाभर त्याला भेटायला जात राहा, जवळ बसा, तो तुमच्याकडे चालत येतो का बघा. आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा एक छोटा काटा घेऊन ठेवा, पोपट आजार लपवतात, पिसं फुलवून बसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, पण वजन आधी घसरतं. रोज सकाळी खाण्याच्या आधी काट्यावर ठेवलेल्या दांडीवर त्याला खाऊ दाखवून बोलवा, आकडा वहीत लिहा, आणि नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के घट दिसली तर त्याच दिवशी व्हेटला फोन करा.